तेरा अँपिअरची तार

डॅशबोर्डखाली हात घातला आणि आधी बाहेर आलं ते उंदराचं घरटं. भाताच्या पेंढ्याचं, मऊ, मुठीत मावेल एवढं; आणि त्यात वायरीच्या प्लॅस्टिकचे लाल-पिवळे तुकडे असे गुंफलेले, की कुणी हौसेने नक्षी काढली असावी. अण्णांची कमांडर जीप चार पावसाळे गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. वर माळ्यावर पेंढा, खाली जीप, आणि दोन्हींच्या मध्ये उंदरांचं बिनभाड्याचं राज्य.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. जीप १९९६ ची. शहापूर ते किन्हवली, तिथून सरळगाव, कधी थेट मुरबाड, अशा फेऱ्या तिने काळी-पिवळी म्हणून वर्षानुवर्षं मारल्या. आत किती माणसं बसायची याचा एक आकडा परमिटवर होता आणि दुसरा रस्त्यावर. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरली की परतीच्या फेरीला टपावर घोंगड्यांची बोचकी आणि मागच्या पायरीवर लटकलेली चार पोरं, हे ठरलेलं. पुढे परमिट संपलं, पिवळा रंग खरवडला गेला आणि जीप पाण्याच्या पिंपांना जुंपली गेली. भातसा आणि तानसा ही धरणं ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहायची. टँकर येईना त्या दिवशी आमची जीप जायची. मग अण्णांचे गुडघे गेले आणि जीप पडवीत आली.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम फळ्यावर इतक्या वेळा लिहिला, की खडूलाही पाठ झाला असेल. निवृत्त होऊन घरी बसलो तसे अण्णा म्हणाले, "तुला करंटमधलं येतं ना? मग ही उभी कर." येतं, असं मी म्हणालो. त्या 'येतं'चं आता हसू येतं.

सरळ मार्ग म्हणजे बाजारातून तयार वायरिंगचं भेंडोळं आणायचं आणि बसवायचं. ते मी आणलंही. कुठून, ते जाऊ द्या. घरी येऊन एक टोक चाकूने खरवडलं तर तांबूस तार आतून पांढरी निघाली. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. मुलामा दागिन्यांना चालतो. जिच्यातून दहा-दहा अँपिअर वाहायचे त्या तारेला नाही. अॅल्युमिनियम विजेला तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच विरोध करतं, आणि धक्के खाणाऱ्या गाडीत वाकून वाकून लवकर तुटतं. शिवाय अर्धे कनेक्टर आमच्या गाडीचे नव्हतेच.

मुरबाडला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मूळ गाव सिद्धगडाच्या पायथ्याकडचं. बेचाळीसच्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडाच्या रानात हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. मिस्त्री हे हात जोडूनच सांगतात आणि मग पुस्ती जोडतात, "आमच्याकडं तारा तोडणाऱ्यांचं नाव निघतं मास्तर, जोडणाऱ्यांना कोण इचारतो?"

भेंडोळं त्यांनी दोन बोटांत धरून नुसतं वाकवून पाहिलं. "परत करा. नाय घेतलं तर कोंबड्यांच्या खुराड्याला बांधा. आणि गाडीतलं जुनं आधी उसवा. कापू नका, उसवा."

एका दुपारचं काम वाटलं होतं. पाच दिवस गेले.

जुन्या वायरिंगवरची काळी टेप उन्हाने डांबरासारखी झालेली. ती सोलत गेलो तसतशी एकाखाली एक अशी सव्वीस-सत्तावीस वर्षं निघायला लागली. कारखान्यातली मूळ तार जेमतेम निम्मी उरली होती. बाकी सगळं रस्त्यात जोडलेलं. स्टिअरिंगजवळ घरातल्या पंख्याची पांढरी वायर. मागच्या दिव्यांना शेतीपंपाच्या केबलमधली एक जाड काळी शीर, एवढी ताठ की तिने स्वतःच्या वजनाने होल्डर उपटला होता. एका जोडावर टेप नव्हती, जखमेवर लावतात ती चिकटपट्टी होती. अण्णा बाजेवर बसून हे सगळं पाहत होते. चिकटपट्टी पाहून म्हणाले, "ही आठवते. कुणाला तरी रात्री शहापूरला दवाखान्यात नेलेलं. परत निघालो तर दिवे गेले. कंपाउंडरने दिली." एक जोड माळशेजच्या धुक्यातला होता, एक वरातीतला. प्रत्येक गाठीला तिची रात्र होती.

आपल्याकडे हल्ली 'जुगाड' हा शब्द फार कौतुकाने वापरतात, तर कधी तितक्याच तुच्छतेने. मला त्या पाच दिवसांत दोन्ही सूर खोटे वाटायला लागले. ती चिकटपट्टी ज्या रात्री लावली त्या रात्री ती बरोबरच होती. तिचं काम घरापर्यंत पोचवण्याचं. ते तिने केलं. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा गाडी पोचली म्हणून कुणी तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. जुगाड घर गाठण्यासाठी असतं. ते घरी राहायला आलं की मग त्रास.

सगळ्यात भीतीची जागा फ्यूजची निघाली. तिथे फ्यूज नव्हतेच. त्यांच्या जागी वायरीतल्या तारा पिळून बसवल्या होत्या, कुठे एक, कुठे तीन. हे मीही घरच्या फ्यूजच्या किटकॅटमध्ये केलेलं आहे; तुम्हीही केलं असेल. पण या वेळी हाताशी वेळ होता, म्हणून गणित करून पाहिलं. विल्यम प्रीस नावाचा ब्रिटिश पोस्ट खात्यातला इंजिनिअर होता. त्याने १८८० च्या दशकात कोणती तार किती अँपिअरला वितळते याचा हिशेब बसवला. तांब्याच्या तारेसाठी तो असा: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा दीड घात करा, ८० ने गुणा. गाडीच्या साध्या वायरीत ०.३ मिलिमीटरच्या चौदा तारा असतात. दुकानात 'चौदा-तीस' म्हटलं तरी देतात. त्यातली एक तार घेतली तर उत्तर येतं तेरा अँपिअर. तीन पिळल्या तर एकोणचाळीस.

आणि ती अख्खी चौदा तारांची वायर किती सोसते? बिनघोर म्हणाल तर पावणेनऊ अँपिअर.

म्हणजे एका तारेचा फ्यूजसुद्धा ज्या वायरीची राखण करायची तिच्या बिनघोर मर्यादेपेक्षा दांडगा. राखणदार घरधन्यानंतर मरणार. तीन तारांच्या फ्यूजची तर गोष्टच नको. वायर आधी तापणार, मग प्लॅस्टिक वितळणार, मग शेजारची वायर उघडी पडणार, आणि वर पेंढा. तीस वर्षं मी मुलांना सांगितलं, की फ्यूज म्हणजे वितळणारी तार. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली सगळ्यात दुबळी जागा, आणि ती कुठे ठेवायची हे कुणीतरी विचार करून ठरवावं लागतं, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं. परीक्षेत येत नव्हतं.

काय घरी करायचं आणि काय विकत आणायचं, यावर मिस्त्रींशी माझा एक दिवस वाद झाला. मला सगळंच करायचं होतं. नवशिक्याची हाव. ते म्हणाले, "फ्यूज इकत. रिले इकत. बल्ब इकत. बाकी करा काय करायचं ते." कारण विचारलं तर म्हणाले, "जे मोजून केलेलं असतं ते आपण मोजू शकत नाय. दहाचा फ्यूज दहाचाच हाय हे तुम्ही कसं बघणार? जाळून? मंग तो जळला की." चपट्या, रंगीत, दोन पायांच्या फ्यूजला एका चहाहून फार जास्त पडत नाही. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. वाचता न येणाऱ्यालाही लावता येतो, ही त्यातली मोठी गोष्ट.

पण ते फ्यूज बसणार ती पेटी घरी करायची ठरली. जुन्या पंपाच्या स्टार्टरमागची काळी बॅकेलाइटची पट्टी मिळाली, सहा मिलिमीटर जाड. तिच्यावर आठ घरं आखली. गाडीला सहा पुरत होती. मिस्त्री म्हणाले, दोन रिकामी ठेवा. मला तो पितळेचा अपव्यय वाटला, पण ऐकलं. फ्यूजचे पाय धरणारे चिमटे करायला घरातले फुटके किटकॅट फोडून पितळी पट्ट्या काढल्या. पट्टी कापायची, पक्कडीने वाकवायची, बारीक स्क्रूने बॅकेलाइटवर बसवायची. वाकवताना दोन पट्ट्या तडकल्या, म्हणून उरलेल्या मी गॅसवर लाल करून वाकवल्या. लोण्यासारख्या वाकल्या. मी खूश.

आठ दिवसांनी हेडलाइट लावून इंजिन चालू ठेवलं आणि पंधरा मिनिटांत जळका वास आला. फ्यूज उडाला नव्हता. फ्यूजचं निळं प्लॅस्टिक पायाशी वितळून चिमट्याला चिकटलं होतं, आणि आतली तार मात्र शाबूत! पुस्तकात हे नव्हतं. प्रवाह जास्त नव्हता. पकड सैल होती. सैल जोडात विरोध, विरोधात उष्णता, उष्णतेने पितळ अजून सैल. मी चिमटे मुरबाडला नेले. मिस्त्रींनी एक चिमटा अंगठ्याने दाबला. तो दबला तो दबलेलाच राहिला.

"लाल केलात ना?"

"हो."

"जीव गेला त्याचा. तांबट भांडं का मठारतो?"

लहानपणापासून मठारलेले हंडे घरात पाहिले. हातोडीचे ते ठोके मला नक्षी वाटायचे. तापवलं की पितळ मऊ पडतं आणि थंड ठोकलं की ताठ होतं, ताठ झालं की त्याला स्प्रिंगसारखा परत यायचा गुण येतो, हे धातुशास्त्र आमच्या हंड्यावर ठोक्याठोक्याने लिहिलेलं होतं आणि मी त्यातून पाणी पीत होतो. पुढचे सोळा चिमटे मी थंड पट्टीवर लहान हातोडीने मठारून केले. दोन दिवस गेले. ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता, तो आसनगावहून आमच्या घरी कसा आला हे अण्णांनाच ठाऊक. चिमटा बोटाने दाबायचा आणि सोडायचा. 'टक्' करून मिटला तर घ्यायचा, नाही तर पुन्हा ठोकायचा. फ्यूज आत सारताना जो जोर लागतो आणि शेवटी जी हलकी कचकन पकड बसते, ती मला आजही आवडते. कधी कधी उगाचच एखादा काढून परत लावतो.

बाकीचे भाग त्या मानाने सोपे गेले. सेल्फला जाणाऱ्या जाड केबलच्या टोकाचे थिंबल फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्या भंगारातल्या तांब्याच्या नळीचे केले: बोटभर नळी, अर्धी व्हाइसमध्ये चेपायची, चेपलेल्या भागात भोक, उरलेल्या नळीत केबल सारून ठोकायची. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे कड लागू नये म्हणून हवाई चपलेच्या तळव्याची चकती. कारखान्यातल्या चकतीपेक्षा ती बरी, असं मी म्हणणार नाही. इंजिनाच्या बाजूला तेलाने ती फुगली आणि तिथे शेवटी विकतचीच लावली. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी गायबच होती. ती नसल्याने सेल्फ मारला की परतीचा प्रवाह मिळेल त्या वाटेने, म्हणजे स्पीडोमीटरच्या केबलमधून जात होता. केबलचं आवरण आतून भाजलेलं निघालं. अण्णा म्हणाले, "तरीच काटा आधी नाचायचा, मग मेला." वीज रस्ता अडला म्हणून थांबत नाही, आडवाट धरते, शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला हे निराळं सांगायला नको.

डागाच्या बाबतीत मात्र मी पुरता फसलो. जोडावर कथलाचा डाग द्यायचा तर आधी तार स्वच्छ करणारं काही लावावं लागतं. राळ लावली तर धूर होतो, वेळ लागतो, जुन्या काळवंडलेल्या तारेला डाग चटकन धरत नाही. पत्र्याची कामं करणाऱ्यांकडे आम्लाचं पाणी असतं, जस्त विरघळवलेलं. त्याचा एक थेंब लावला की कथील पाण्यासारखं पसरतं. लहानपणी कल्हईवाला अंगणात भाता लावायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि काळं पातेलं क्षणात चांदीचं व्हायचं; ती जादू मनात असणार. मी सगळे जोड आम्लाच्या पाण्याने केले. सुरेख चकाकले.

श्रावणात एका संध्याकाळी डावा इंडिकेटर बंद पडला, दोन दिवसांनी हॉर्न, मग एकाएकी चार्जिंग. टेप सोडली तर प्रत्येक जोड हिरवा. पितळेच्या भांड्यात ठेवलेलं ताक कळकावं तशी तार कळकली होती. डागाच्या जागी तर होतीच, पण प्लॅस्टिकच्या आत वीतभर मागेपर्यंत काळी पडलेली. आम्ल डागाबरोबर जळून जात नाही. तारांमधल्या केशिकांतून मागे चढतं आणि पावसाळ्याची दमट हवा मिळाली की पुन्हा कामाला लागतं. कल्हईचं पातेलं लगेच पाण्यात बुडवून धुतात. वायर कशी धुणार? मल्टिमीटर लावला तर बारा व्होल्ट दाखवी, म्हणून पहिला दिवस मी भलतीकडेच शोधण्यात घालवला. मिस्त्रींनी नंबरप्लेटचा एक पाच वॉटचा बल्ब, दोन वायरी आणि सायकलची घासून टोकदार केलेली तार यांचा केलेला टेस्ट लॅम्प हातात दिला. "मीटरला भूक नसते मास्तर. एक तार उरली तरी तो म्हणतो सगळं हाय. बल्बला खायला लागतं." बल्ब लावला, तो मिणमिणला. चौदातल्या एक-दोन काळवंडलेल्या तारा जेमतेम टेकून होत्या.

चाळीसच्या वर जोड पुन्हा केले. राळेने, सावकाश, आणि जिथे जमलं तिथे जोड टाळून अखंड वायर घातली.

हे दुसऱ्यांदाचं काम मी खळ्यावर केलं. भात झोडून झालं होतं, खळं सारवलेलं, मोकळं. जीपच्या मापाने जमिनीत खुंट्या ठोकल्या: इथे बॅटरी, इथे डॅशबोर्ड, हे दोन हेडलाइट, ते मागचे दिवे. खुंटीवरून खुंटीवर एकेक वायर नेली, जिथे फाटा फुटतो तिथे वळवली. वहिनी कोंबड्यांना हाकायला आल्या आणि थबकल्या. "भावजी, रांगोळी काढताय का जाळं लावताय?" जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगची एक रंगांची रीत आहे, ती मी धरली: बॅटरीतून थेट निघालेली तपकिरी, चावीच्या पुढची पांढरी, चावी आणि फ्यूज दोन्ही ओलांडून आलेली हिरवी, हेडलाइटची निळी, अर्थची काळी. मुरबाडच्या दुकानात सगळे रंग मिळाले नाहीत. कल्याणला जायचा कंटाळा केला आणि टोकांवर नेलपॉलिशचे पट्टे मारले. सुनेची एक बाटली संपली, ती अजून वसूल व्हायची आहे. शेवटी सगळा जुडगा टेपने न गुंडाळता चांभाराच्या मेण लावलेल्या दोऱ्याने दर चार बोटांवर बांधला. टेपचा गोंद उन्हात पाघळतो आणि आतलं काही दिसत नाही. दोऱ्याने बांधलेलं उघडं राहतं, उद्या कुणाला त्यात हात घालायचा तर उसवायला नको. आधीचे पाच दिवस मी विसरलो नव्हतो.

हेडलाइटचं एक समाधान सांगितलंच पाहिजे. जुनं वायरिंग काढण्याआधी मी इंजिन चालू ठेवून मोजलं होतं: बॅटरीवर १३.६ व्होल्ट, दिव्यापाशी ११.१. अडीच व्होल्ट वाटेत. एवढ्याने काय होतं? बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. हिशेब केला तर दिवा निम्माच जळत होता. अण्णांनी वर्षानुवर्षं ती गाडी निम्म्या उजेडात हाकली आणि रातांधळेपणा आला म्हणून स्वतःला दोष दिला. आता रिले घालून बॅटरीपासून दिव्यापर्यंत दुप्पट जाड वायर नेली आहे, दिव्यापाशी १३.१ मिळतात. पहिल्या रात्री त्यांना शेजारी बसवून किन्हवलीच्या रस्त्याला गेलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या वळणावर आंब्याचं झाड आहे होय!"

लोकांनी अख्ख्या मोटारी घरी केल्या आहेत, त्यापुढे माझी फ्यूजची पेटी म्हणजे काहीच नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ च्या सुमारास 'मीरा' नावाची छोटी मोटार करायला घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं ती सुधारत राहिले. कारखाना मात्र निघाला नाही. अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून चारचाकी केली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. ती त्यांना मिळालीही. त्या गाडीतली मला भावलेली गोष्ट म्हणजे तिची किक. मोटरसायकलसारखी पायाने मारून गाडी सुरू करायची. सेल्फ नाही, म्हणजे सेल्फची शेकड्यांतल्या अँपिअरची मागणी नाही, जाड केबल नाही, थिंबल नाही. भाग घरी करण्यापेक्षा तो लागणारच नाही अशी सोय करणं ही त्याच्या वरची पायरी. तिथवर मी पोचलेलो नाही.

पेटीला झाकण हवं होतं. पत्र्याचं करत होतो, तर मिस्त्री म्हणाले, "उघड्या चिमट्यांवर पत्रा? आगीला आवतन देताय." मग पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचं प्लॅस्टिक कापून, गरम पाण्यात वाकवून झाकण केलं. आतल्या बाजूला कोणतं घर कशाचं याचा तक्ता चिकटवला, खाली जादा फ्यूज खोचायला पट्टी केली, प्रत्येक रंगाचे दोन दोन ठेवले. धूळ जाऊ नये म्हणून झाकण दोन स्क्रूंनी पक्कं बसवलं. मला ते झाकण पेटीपेक्षाही जास्त जमलंय असं वाटत होतं.

पुढच्या लग्नसराईत पुतण्या जीप घेऊन टोकावड्याला हळदीला गेला. रात्री दोनला परतला. सकाळी मी सहज पाहिलं तर झाकणाचा एक कोपरा दुमडून वर आलेला, आणि आत लाल फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसलो. मग त्याला उठवलं.

वरातीसाठी पोरांनी टपावर रंगीत लायटिंग लावलं होतं आणि त्याच्या वायरी मागच्या दिव्यात खुपसल्या होत्या. दहाचा फ्यूज उडाला, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. मागचे दिवे गेले, डॅशबोर्ड अंधारला. अशा अंधारात तो सरळगावच्या पुढे थांबला.

"अरे, झाकणाच्या आत नवे फ्यूज होते. तक्ता होता. सगळं लिहिलंय."

"काका, झाकणाला स्क्रू आहेत."

"मग?"

"स्क्रू ड्रायव्हर टूलबॉक्समध्ये. टूलबॉक्स मागच्या सीटखाली. सीटवर आत्याची माणसं झोपलेली. कोपरा उचलून दोन बोटं गेली, तेवढ्यात जमवलं." आणि मग जरा चाचरत, "सकाळी काढणारच होतो."

मिस्त्रींना फोन केला. ते आधी खूप हसले, मग म्हणाले, "पेटी दिवसा केली ना तुम्ही?"

त्या दुपारी स्क्रू काढून टाकले. सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंदीचं कडं कापलं आणि झाकणावरून पेटीला घातलं. पुतण्याला डोळे मिटून उघडायला सांगितलं. त्याने उघडलं, चाचपून लाल फ्यूज काढला, लावला, कडं परत चढवलं. डोळे उघडून म्हणाला, "आणि काका, लायटिंगला एक वेगळी लाइनच काढून द्या की. पोरं परत लावणार."

तपकिरी वायरीचं वेटोळं माळ्यावर होतं. ते घेऊन आलो आणि झाकण काढलं. सातव्या घरातले चिमटे अजून कोरे होते, ठोक्यांच्या खुणा ताज्या, चकचकीत.